एका दिवसात घसरलेला एनडीव्हीआय: माझा अनुभव

कोयना खोऱ्यातील सदाहरित जंगलाची हिरवाई २०१९ पासून कशी बदलली, हे मी गूगलच्या अर्थ इंजिन या ऑनलाइन मंचावर सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांच्या प्रतिमांवरून तपासत होतो. जानेवारी २०२२ च्या अखेरीस एनडीव्हीआयचा, म्हणजे वनस्पतींची हिरवाई दाखवणाऱ्या निर्देशांकाचा, आलेख एकाएकी खाली आला आणि पुन्हा वर चढलाच नाही. जंगल तोडले गेले की काय, या शंकेने मी अस्वस्थ झालो. परंतु शेजारच्या उघड्या कातळावरही लाल व निकट-अवरक्त (डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) या दोन्ही प्रकाशपट्ट्यांचे प्रतिमेतील अंक त्याच सुमारास सुमारे १००० ने वाढलेले दिसले, तेव्हा बदल जमिनीवर नसून आकड्यांत आहे हे ध्यानात आले.

२५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रतिमांवरील प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू झाली असून, गडद पृष्ठभागांवरील ऋण मूल्ये कापली जाऊ नयेत म्हणून तीत प्रत्येक अंकात १००० मिळवले जातात. एनडीव्हीआय म्हणजे निकट-अवरक्त व लाल अंकांची वजाबाकी भागिले त्यांची बेरीज; या सूत्रातील वजाबाकीत ही भर नाहीशी होते, पण छेद २००० ने वाढतो आणि निर्देशांक घसरतो. अर्थ इंजिनमधील, नव्या प्रतिमांचे अंक जुन्यांशी जुळवून दिलेला ‘हार्मोनाइज्ड’ संग्रह घेताच आलेखातील ती घसरण गेली. स्वतंत्रपणे उतरवलेल्या प्रतिमांतून मात्र १००० स्वतः वजा करावे लागले, आणि तेही दिनांक पाहून नव्हे, तर आवृत्ती पाहून, कारण जुन्या प्रतिमांवरही नव्याने प्रक्रिया झालेली असते.