गल्लीतलं पार्किंग: बैठक बोलावण्याआधी टेप काढा

पार्किंगवरून वाद झाला की खापर माणसांच्या स्वभावावर फुटतं. 'समोरचे लोकच तसले' एवढं म्हटलं की पुढे विचार करायची गरज उरत नाही. पण रस्ता किती रुंद आहे, त्यात गाड्या किती मावतात, हे गल्लीत कोणी मोजलेलं नसतं. त्यामुळे बैठक, ठराव, पाट्या हे सगळं नंतर. आधी लांब टेप, खडू आणि टेपचं दुसरं टोक धरायला एक शेजारी.

रात्री सगळे घरी परतल्यावर एक फेरी मारून गाड्या मोजा. दुपारचा आकडा कामाचा नाही, तेव्हा निम्मी गल्ली बाहेर असते. मग रस्ता रिकामा असताना रुंदी घ्या, तीही सर्वांत अरुंद ठिकाणी, म्हणजे जिथे विजेचा खांब पुढे आलाय किंवा कुणाची पायरी रस्त्यात उतरलीय तिथे. सरासरी काढत बसू नका. अग्निशमन दलाचा बंब सरासरीतून जात नाही.

हा बंब साधारण 2.5 मीटर रुंद असतो. नुसता जाऊन भागत नाही, दारं उघडून माणसांना उतरायचं असतं, पाइप काढायचे असतात. म्हणून किमान 3.5 मीटर मोकळा रस्ता धरा. लहान हॅचबॅक 1.7 मीटरच्या आसपास, मोठी एसयूव्ही 1.9 मीटरपर्यंत, वर दोन्हीकडचे आरसे. उभ्या गाडीसाठी सरसकट 2 मीटरचा पट्टा पकडला तर 6 मीटरच्या गल्लीत एका बाजूच्या गाड्या सोडून 4 मीटर उरतात. झालं काम. दोन्ही बाजूंना लावल्या की उरले 2 मीटर, आणि तिथे बंब सोडाच, रुग्णवाहिकाही अडते. काही जण मधला मार्ग म्हणून डावीकडे दोन, मग उजवीकडे दोन असं सुचवतात. कागदावर छान दिसतं, पण लांब वाहनाला ती नागमोडी वळणं घेता येत नाहीत. सहा मीटरच्या रस्त्यावर एकच बाजू, याला पर्याय मला तरी दिसत नाही.

कोणती बाजू, यावर मात्र खरी जुंपते, कारण कायम आपल्याच दारासमोर गाड्या कोणालाच नको असतात. सम-विषम तारखा हा सर्वांना ठाऊक असलेला तोडगा आहे, पण त्यात रोज गाडी हलवावी लागते आणि 31 तारखेनंतर येणारी 1 तारीखही विषमच, तिथे हमखास गोंधळ. त्यापेक्षा पंधरवड्याने बाजू बदललेली बरी. फ्रान्समध्ये अशी पद्धत नियमातच आहे: 1 ते 15 तारखेपर्यंत विषम क्रमांकाच्या घरांची बाजू, 16 पासून महिनाअखेरपर्यंत सम क्रमांकांची. बदलायची वेळही ठरवून टाका, रात्री साडेआठ ते नऊ वगैरे. नाहीतर एकाने हलवली, दुसऱ्याने नाही, आणि रस्ता बंद.

आता लांबी. दोन गेटांच्या मधली सलग जागा मोजा. समजा 33 मीटर आहे आणि गाड्या 4 मीटर लांबीच्या आहेत. प्रत्येकाने मध्ये अडीच मीटर सोडले तर पाच गाड्या लागतात आणि शेवटी 3 मीटरचा तुकडा वाया जातो. दीड मीटर सोडलं तर सहा मावतात, आणि काढताना कोणाला त्रासही होत नाही. म्हणजे एक जागा कोणी बळकावलेली नव्हती, ती गाड्यांच्या मधे सांडली होती. खडूने साडेपाच मीटरवर खुणा करून आठवडाभर बघा. रंगाचे पट्टे मारायचे असतील तर रस्ता ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांची परवानगी लागेल, खडूला कोणी विचारत नाही.

गेटजवळच्या जागेबाबत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. गेटसमोर लावायची नाही, हे सगळे पाळतात. गेटच्या बरोबर पलीकडे, रस्त्याच्या दुसऱ्या कडेला मात्र बिनधास्त लावतात. आतून काटकोनात बाहेर पडणाऱ्या गाडीला वळायला साधारण 6 मीटर रुंदी लागते, म्हणून अरुंद गल्लीत पलीकडची गाडीही तितकीच आडवी येते. तेवढा भाग मोकळा ठेवा, आणि गेटच्या दोन्ही अंगांना मीटरभर जास्तीचं सोडा. कोपऱ्यापासून 5 ते 10 मीटर दूर राहा, नाहीतर वळणाऱ्याला पायी येणारं मूल दिसत नाही.

लावण्याआधी खाली नजर टाका. रस्त्यात लोखंडी झाकणं असतात, काही ड्रेनेजच्या चेंबरची, काही पाण्याच्या लाइनच्या व्हॉल्व्हची. लाइन फुटते रात्री दोनला, आणि व्हॉल्व्हच्या झाकणावर नेमकं कुणाचं तरी चाक. मग घरोघरी बेल वाजवत गाडीचा मालक शोधायचा. या झाकणांभोवती खडूने चौकोन काढा.

उतारावर गाडीचं तोंड खाली असेल तर पुढची चाकं फूटपाथकडे वळवा. तोंड चढाकडे असेल आणि फूटपाथला उंच कड असेल तर चाकं रस्त्याकडे वळवून गाडी हळूच मागे येऊ द्या, चाक कडेला टेकलं की थांबा. कड नसेल तर दोन्ही वेळी चाकं रस्त्याच्या कडेकडेच. चढावर पहिला गिअर, उतारावर रिव्हर्स, आणि हँडब्रेक अर्थातच. स्वतःच्या आवारात शक्यतो मागे घेऊन लावा, सकाळी घाईत बाहेर पडताना समोरचं दिसलेलं बरं.

काचेत फोन नंबर ठेवणं सोयीचं असलं तरी तो येणारा-जाणारा कोणीही टिपून घेऊ शकतो. गल्लीपुरती एक यादी करा: गाडीचा नंबर, घर, फोन. घरसामानाचा ट्रक येणार असेल किंवा कार्य असेल तर आदल्या संध्याकाळी सांगा. सकाळी सातला दार वाजवलं की देणाराही नाही म्हणतो. इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जिंगची वायर फूटपाथवरून आडवी टाकू नका, अंधारात ज्येष्ठांचा पाय अडकतो.

महिनाभर गावाला जाणार असाल तर बॅटरी उतरण्याची शक्यता धरूनच निघा. शेजाऱ्याला किल्ली द्या आणि आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं गाडी फिरवून आणायला सांगा. जागेवर उभी ठेवून पाच मिनिटं इंजिन चालवण्याचा फारसा उपयोग होत नाही. ओल्या हवेत ओढून ठेवलेला हँडब्रेक चिकटतो, म्हणून सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा. बाजू बदलायची तारीख मध्ये येत असेल तर तीही किल्लीबरोबर चिठ्ठीवर लिहून द्या.