ऑर्ड नदीच्या खोऱ्यात जाताना: धरणाच्या वर आणि धरणाच्या खाली

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य कोपऱ्यात, किंबर्ली या विस्तीर्ण प्रदेशाच्या पूर्व भागात ऑर्ड नदी वाहते. पर्थहून रस्त्याने तीन हजार किलोमीटरांहून अधिक आणि डार्विनहून सुमारे 830 किलोमीटर अंतरावर असलेले कुनुनुरा हे छोटे गाव या खोऱ्यात राहण्याचे मुख्य ठिकाण आहे. येथे येणाऱ्याने निघण्यापूर्वी नदीचे तीन भाग कागदावर काढून घ्यावेत, कारण पोहायचे कोठे, मुक्काम कोठे टाकायचा आणि काठापासून किती अंतर राखायचे, या सगळ्याची उत्तरे त्यातच आहेत. वरच्या अंगाला मोठे धरण आणि त्यामागचा आर्गाइल जलाशय आहे. तेथून खाली कुनुनुरा गावाजवळच्या वळण बंधाऱ्यापर्यंत सुमारे 55 किलोमीटर पसरलेला फुगवटा आहे, त्याला लेक कुनुनुरा म्हणतात. बंधाऱ्याच्या खाली मात्र नदी मोकळी होऊन समुद्राकडे जाते आणि तेथील नियम पूर्णपणे वेगळे आहेत.

जाण्याचा काळ मे ते ऑगस्ट हाच धरावा. नोव्हेंबर ते एप्रिल हा पावसाळा असतो आणि त्याच्या तोंडावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पारा चाळिशी ओलांडतो व हवेत असह्य दमटपणा येतो. पावसाळ्यात धबधबे देखणे असतात हे खरे, पण कच्चे रस्ते महिनोनमहिने बंद राहतात आणि पक्के रस्तेही तुटतात. जानेवारी 2023 मध्ये पश्चिम किंबर्लीत आलेल्या पुराने फिट्झरॉय क्रॉसिंग येथील महामार्गावरील पूल मोडला आणि संपूर्ण भागाची वाहतूक दीर्घकाळ विस्कळीत झाली. कोरड्या हंगामात उलट अडचण येते, ती गर्दीची. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागातील निवृत्त मंडळी थंडी चुकवण्यासाठी कॅरव्हॅन घेऊन उत्तरेकडे येतात, त्यामुळे जून-जुलैतील मुक्कामाचे आरक्षण काही महिने आधी करणे शहाणपणाचे ठरते.

भारतातून येणाऱ्यांना पर्थ किंवा डार्विन येथून विमानाने कुनुनुराला येता येते. डार्विनहून हे उड्डाण जेमतेम तासाभराचे आहे. तरीही, वेळ असेल तर डार्विनहून कॅथरीनमार्गे गाडीने यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण दोन दिवस त्या रस्त्यावर घालवल्याशिवाय या भूमीचा एकाकीपणा कळत नाही. गाडी आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायची असते, एवढी एक सोय आहे. बाकी सवयी बदलाव्या लागतात. कॅथरीनहून कुनुनुरा पाचशे किलोमीटरांहून थोडे अधिक आहे आणि मध्ये भरवशाचे गाव म्हणावे असे टिंबर क्रीकच आहे; तेथे टाकी निम्मी भरलेली असली तरी ती पूर्ण भरून घ्यावी. रोड ट्रेन म्हणजे तीन-चार ट्रेलर जोडलेले, पन्नास मीटरांहून लांब असू शकणारे ट्रक असतात. त्यांना ओलांडताना समोर किमान एक किलोमीटर रस्ता मोकळा दिसला पाहिजे. संध्याकाळनंतर गाडी चालवू नये, कारण कुंपण नसलेल्या या रस्त्यांवर गुरे आणि वॉलबी (लहान कांगारू) अंधारात अचानक समोर येतात आणि भाड्याच्या गाडीच्या विम्यातही रात्रीच्या प्रवासाला पुष्कळदा संरक्षण नसते. गाडीत माणशी रोजचे किमान पाच लिटर पाणी ठेवावे. गावाबाहेर मोबाइलला नेटवर्क मिळत नाही, हे गृहीत धरावे आणि आडवाटेला जायचे असल्यास उपग्रहावर चालणारा फोन किंवा संकटसूचक यंत्र भाड्याने घ्यावे. आपत्कालीन मदतीचा क्रमांक 000 हा आहे.

डार्विनचा नॉर्दर्न टेरिटरी प्रांत सोडून वेस्टर्न ऑस्ट्रेलिया राज्यात शिरताना सीमेवर दोन गोष्टी घडतात. घड्याळ दीड तास मागे जाते आणि तपासणी नाक्यावर गाडी थांबवली जाते. ताजी फळे, भाज्या, मध, रोपे आणि बिया वेस्टर्न ऑस्ट्रेलियात नेता येत नाहीत, कारण बाहेरची कीड येथील शेतीत शिरू नये, याची काळजी हे राज्य फार कसोशीने घेते. डार्विनच्या भारतीय दुकानातून घेतलेली कोथिंबीर, मिरच्या, लिंबे आणि डब्यातली मोहरी-मेथी यांचा प्रश्न इथेच उभा राहतो. मनात शंका असेल तो प्रत्येक डबा स्वतःहून उघडून दाखवावा. लपवल्यास दंड होतो, दाखवल्यास फार तर वस्तू जाते. म्हणून डाळ-तांदूळ सोबत आणावेत आणि भाजी कुनुनुराच्या दुकानातून घ्यावी. घड्याळाचा परिणामही लक्षात ठेवावा. हा भाग राज्याच्या अगदी पूर्व टोकाला असल्यामुळे जूनमध्ये सूर्य संध्याकाळी पाचच्या सुमारासच मावळतो. सकाळी सहाला बाहेर पडणाऱ्यालाच येथे पूर्ण दिवस मिळतो.

कुनुनुरा हे गाव 1961 मध्ये पाटबंधारे योजनेसाठी वसवले गेले. वळण बंधारा 1963 मध्ये पूर्ण झाला. त्याला वीस वक्राकार दरवाजे आहेत आणि महामार्ग त्याच्यावरूनच जातो. पूर्वी ही नदी पावसाळ्यात बेफाम वाहायची आणि कोरड्या हंगामात तिच्यात ठिकठिकाणी डोह तेवढे उरायचे. आता ती बारमाही झाली आहे. तिच्या कालव्यांवर आंबा, कलिंगड, खरबूज आणि भोपळा पिकतो. पहिल्या काळात येथे कापूस लावला होता, पण बोंडअळीला औषधे लागू पडेनाशी झाली आणि 1974 मध्ये ते पीक सोडून द्यावे लागले. आपल्या वाचकांना सर्वांत जवळची वाटावीत ती चंदनाची लागवड केलेली शेते. म्हैसूरच्या जंगलातले जे चंदन आपण ओळखतो, तीच जात येथे ओळीत लावलेली दिसते. चंदनाचे झाड दुसऱ्या झाडाच्या मुळांवर काही प्रमाणात जगते, म्हणून मधल्या ओळींत यजमान झाडे लावलेली असतात. ही खासगी शेते आहेत, तेव्हा ती रस्त्यावरूनच पाहावीत.

आता पाण्याविषयी. येथे मगरी दोन प्रकारच्या आहेत. गोड्या पाण्यातली मगर निमुळत्या तोंडाची आणि आकाराने लहान असते. तिला तेथील लोक फ्रेशी म्हणतात. ती सहसा माणसापासून दूर जाते, मात्र डिवचल्यास चावते. दुसरी खाऱ्या पाण्यातली, म्हणजे सॉल्टी. नावावर जाऊ नये, कारण ती गोड्या पाण्यातही आरामात राहते आणि माणसावर हल्ला करते. वळण बंधाऱ्याच्या खाली सॉल्टी आहेतच, असे समजून वागावे. बंधाऱ्याखालच्या आयव्हनहो क्रॉसिंग या जुन्या सिमेंटच्या फरशीवरून पाणी फेसाळत वाहते, बारामुंडी मासा गळाला लावण्यासाठी लोक तेथे उभे असतात आणि पाणी घोट्याएवढेच दिसते. तरीही पायी त्या फरशीवर उतरू नये आणि पाण्याच्या काठापासून पाच मीटर मागे राहावे. मासे काठावर साफ करू नयेत, रोज त्याच जागी पाणी भरायला जाऊ नये आणि तंबू पाण्यापासून किमान पन्नास मीटर दूर ठोकावा. मगर पाण्याखालून पाहत असते आणि आपल्या सवयी तिच्या ध्यानात राहतात. बंधाऱ्याच्या वर, लेक कुनुनुरात प्रामुख्याने फ्रेशी आहेत, पण सॉल्टी अधूनमधून वर आल्याच्या नोंदी आहेत. म्हणून तेथे पोहण्याआधी काठावरील ताजी पाटी वाचावी आणि स्थानिक माणसाला विचारावे.

लेक कुनुनुरा पाहण्याची खरी रीत नावेची आहे. गावाजवळच्या लिली क्रीक या उथळ भागात सकाळी तासभर थांबावे. कमळाच्या पानांवरून लाल तुरा असलेला जकाना, म्हणजे आपल्या कमळपक्ष्याचा सगोत्र, लांबलचक बोटे पसरून चालतो. पान थोडे दबते, कडेने पाणी आत येते आणि ते बुडण्याआधीच पक्षी पुढच्या पानावर गेलेला असतो. लेक कुनुनुरा आणि वरचा आर्गाइल हे दोन्ही जलाशय 1990 पासून रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ क्षेत्रांच्या यादीत आहेत. गावातून धरणापर्यंत 55 किलोमीटर वर जाणारी दिवसभराची नौकासफर असते, त्यात एका बाजूचा प्रवास बसने होतो. या खोऱ्यात एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर ते या सफरीवर करावेत.

वरचे धरण गावापासून रस्त्याने सुमारे 70 किलोमीटर आहे. ते 1971 मध्ये बांधून पूर्ण झाले आणि 1972 मध्ये त्याचे उद्घाटन झाले. भिंत केवळ 335 मीटर लांब आणि 98 मीटर उंच आहे, म्हणजे उंचीला आपल्या कोयनेपेक्षा किंचित कमी. पण पूर्ण भरल्यावर पाणीसाठा 10,763 दशलक्ष घनमीटर, आपल्या भाषेत सुमारे 380 टीएमसी होतो. कोयनेचा साठा 105 टीएमसी आहे. कार बॉइड डोंगररांगेतील अरुंद खिंडीत ही भिंत अडकवली आहे आणि तिच्यामागे सपाट माळरान पसरले आहे, म्हणून एवढ्याशा भिंतीने समुद्रासारखे पाणी अडवले. 1996 मध्ये सांडवा सहा मीटरने उंचावून तेथे वीजनिर्मिती सुरू झाली. जलाशयात गोड्या पाण्यातल्या मगरी हजारोंनी आहेत आणि लोक तेथे पोहतात. दर वर्षी लांब पल्ल्याची जलतरण स्पर्धाही होते. नाव भाड्याने घेऊन एकट्याने दूर जाऊ नये, कारण दुपारच्या वाऱ्याने लाटा उठतात आणि पाण्यातून वर आलेल्या टेकड्यांमध्ये काठ कोणता, हे कळेनासे होते.

या पाण्याखाली काय गेले, हे समजून घेतल्याशिवाय तेथून परतू नये. हा मिरिवूंग आणि गाजेराँग लोकांचा प्रदेश आहे. त्यांची पवित्र स्थळे बुडीत क्षेत्रात गेली, आणि शासनाने त्यांच्याशी ऑर्ड अंतिम करार केला तो 2005 मध्ये. कोयनेच्या धरणग्रस्तांचे प्रश्न ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हा उशीर परका वाटणार नाही. येथे गुरांचे मोठे मळे चालवणाऱ्या ड्युरॅक या गोऱ्या कुटुंबाचे 1895 च्या सुमाराचे दगडी घर मात्र दगड-दगड मोजून उचलले गेले आणि काठावर पुन्हा उभारून संग्रहालय केले गेले. ते जरूर पाहावे, आणि कोणत्या वास्तू वाचल्या व कोणत्या नाहीत, हेही तेथे उभे राहून आठवावे. गावालगतच्या मिरिमा राष्ट्रीय उद्यानात लाल वालुकाश्माच्या घळींतून पायवाटा आहेत. तेथे सकाळी जावे, पाटीवरील सूचना पाळाव्यात आणि दगड उचलून आणू नयेत.

शेवटचा दिवस नदीच्या मुखासाठी ठेवावा. कुनुनुराहून सुमारे शंभर किलोमीटरवर विंडम हे जुने बंदर आहे आणि त्याच्या डोंगरमाथ्यावरच्या फाइव्ह रिव्हर्स लुकआउटवरून ऑर्ड, किंग, पेंटेकोस्ट, ड्युरॅक आणि फॉरेस्ट या पाच नद्या केंब्रिज आखाताला मिळताना दिसतात. वर कमळांमध्ये निळे दिसणारे पाणी येथे गढूळ होऊन चिखलाच्या सपाटीवर पसरलेले असते. ते सूर्यास्ताला सर्वांत चांगले दिसते, पण सूर्यास्तानंतर कुनुनुराला परतण्याचा रस्ता गुरांचा असतो. म्हणून त्या रात्रीचा मुक्काम विंडमलाच करावा आणि उजाडल्यावर निघावे.