टेलिफोनचा बॅकबोर्ड बसवायला शिकताना

टेलिफोनचा बॅकबोर्ड म्हणजे ऑफिसच्या सगळ्या फोनच्या वायरी जिथे जोडल्या जातात तो भिंतीवरचा प्लाय. नवीन मुलं त्यावर आधी मॉड्यूल (वायरी जोडायचे ठोकळे) ठोकतात आणि मग केबल कुठून आणायची ते बघत बसतात. बोर्डाचं निम्मं काम कागदावरच उरकायला हवं.

सुरुवात पेअर, म्हणजे वायरींच्या जोड्या, मोजण्यापासून. ६० टेबलं, प्रत्येकी २ पेअर म्हणजे १२०. त्यावर पाव हिस्सा राखीव धरून १५०. क्रोन बनावटीचं मॉड्यूल १० पेअरचं, म्हणजे टेबलांच्या बाजूला १५ लागली. ईपीएबीएक्सची (ऑफिसच्या स्वतःच्या एक्स्चेंजची) ६० एक्स्टेंशन (आतल्या फोनच्या जोडण्या) आणि १० ट्रंक (बाहेरच्या लाइनी घ्यायच्या जोडण्या) मिळून ७, बाहेरून येणाऱ्या १० लाइनींना १. एकूण २३, पण जागा ३० ची आखा. बाहेरच्या लाइनी डावीकडे, ईपीएबीएक्स मधे, टेबलांच्या केबल उजवीकडे. या क्रमाने जंपर, म्हणजे एका मॉड्यूलमधून दुसऱ्यात नेलेल्या वायरी, एकमेकांना छेदत नाहीत. त्यांच्या वाटेवर वायरी ओवायच्या रिंगा आधीच लावून घ्या. नंतर कोणी लावत नाही, आणि महिन्याभरात बोर्डावर जाळं होतं.

प्लाय १९ मिमी, ८ बाय ४ फुटांचा, उभा. आगरोधक रंगाचे दोन हात मागच्या बाजूला आणि कडांनाही द्या. प्लाय मुळातच आगरोधक असेल तर त्यावरचा शिक्का उघडा राहू द्या, तपासणीला येणारा तोच शोधतो. प्लाय जमिनीपासून १५ सेंमी वर, भिंतीत अँकर मारून. पाण्याच्या पाइपाखालची जागा घेऊच नका. ओल आली की संपर्कावर हिरवट थर चढतो आणि लाइन खरखरते. विजेच्या पॅनेलशेजारची जागाही तशीच वाईट, तिथे फोनमध्ये गुणगुण येते. मॉड्यूल कंबर ते डोळे एवढ्याच पट्ट्यात लावा.

रंगांचा क्रम तोंडपाठ हवा. मुख्य रंग पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा. जोडीचे निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. १३ वी पेअर कोणती? दोन रंगांचे दहा झाले, तिसऱ्यातली तिसरी, म्हणजे काळा-हिरवा. २५ नंतर हेच रंग पुन्हा येतात आणि गट फक्त त्याला गुंडाळलेल्या दोऱ्याच्या रंगावरून कळतो. म्हणून दोरा कापायच्या आधी प्रत्येक गट वेगळा बांधा.

पंचिंग करताना, म्हणजे टूलने वायर मॉड्यूलच्या खाचेत दाबताना, ती सोलायची नाही. टूलची कापणारी बाजू सुट्या टोकाकडे ठेवा, उलट धरलंत तर कामाचीच वायर तुटते. टूल सरळ दाबा, खट् आवाज यायला हवा. स्क्रूड्रायव्हरने ढकललेली वायर आज चालते, पण संपर्काचं तोंड फाकतं आणि पुढे लाइन मधेच जाते. एका खाचेत एकच वायर.

सर्वांत फसवा दोष म्हणजे पेअर फुटणं: एका पेअरची एक वायर आणि शेजारच्या पेअरची एक वायर मिळून लाइन चालवणं. फोन लागतो, कंटिन्युइटी (वायर सलग आहे का याची तपासणी) बरोबर दिसते, पण शेजारच्या लाइनीवरचं बोलणं ऐकू येतं, कारण एकमेकींभोवती पिळलेल्या वायरीच बाहेरचा उपद्रव रद्द करतात. यासाठी पीळ मॉड्यूलच्या तोंडापर्यंत टिकवा आणि पांढऱ्या वायरी कधीही एकदम मोकळ्या सोडू नका. पाच पांढऱ्या वायरी एकत्र झाल्या की कुठली कुणाची हे डोळ्यांनी ठरत नाही.

लाइनवर एरवी ४८ व्होल्ट डीसी असतो, पण रिंग आली की ९० व्होल्टच्या आसपास एसी येतो. वायर दातांनी सोलायची सवय असेल तर आजच सोडा. प्रोटेक्टरची (लाइनीवरून येणारा विजेचा झटका अडवणाऱ्या भागाची) अर्थिंग इमारतीच्या मुख्य अर्थिंगलाच जोडा. वेगळ्या खड्ड्यात नेली तर वीज पडताना दोन अर्थिंगमध्येच व्होल्टेज तयार होतो आणि तो यंत्रातून वाट काढतो.

शेवटी प्रत्येक पेअरवर यंत्राने टोन (ओळखायचा आवाज) सोडून टेबलाशी ऐका आणि लगेच लेबल लावा. उद्यावर ठेवलेलं लेबल चुकतं. एक्स्टेंशन बदललं की जुना जंपर दोन्ही टोकांनी उपसून काढा. एका टोकाने कापून सोडलेला जंपर दुसऱ्या टोकाला जिवंतच असतो.