महाग आणि वेगळी इलेक्ट्रिक गिटार घेताना विक्रीचा हिशेब कसा करावा

हेडलेस (टोकाला खुंट्यांचं डोकं नसलेली), आठ तारांची किंवा तिरप्या फ्रेट्सची (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या तिरप्या असलेली) गिटार मनात भरली असेल, तर पैसे मोजण्याआधी एक आकडा कागदावर लिहा: उद्या विकायची वेळ आली तर हातात किती येतील?

१. भाव शोधा, पण झालेल्या व्यवहारांचा. विकणारा वाट्टेल ती किंमत मागतो. ‘रिव्हर्ब’सारख्या संकेतस्थळावर त्याच मॉडेलची जुनी गिटार खरोखर कितीला गेली ते दिसतं. ऑर्डर देऊन बनवून घेताना नावाचा इनले (लाकडात जडवलेलं नाव), खास रंग, निवडक लाकूड यांचे जादा पैसे लागतात. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही, तसे हेही पैसे बहुधा परत येत नाहीत.

२. मग फरक काढा. समजा १,६०,००० ला घेतली आणि पाच वर्षांनी १,००,००० ला गेली, तर दरमहा हजार रुपये खर्च झाले. तेवढ्यात ती वाजवण्याचा आनंद मिळणार असेल, तर हा सौदा मला मुळीच वाईट वाटत नाही.

३. गिऱ्हाईक कुठे आहे ते बघा. माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी. कोल्हापुरात ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्याला स्ट्रॅटसारखी (फेंडरची स्ट्रॅटोकास्टर), कुठल्याही गाण्याला चालणारी गिटार हवी असते. आठ तारांची हवी असणारा एखादाच, आणि तो बहुधा पुण्या-मुंबईत किंवा बंगळुरात असणार. म्हणजे कुरिअर, भक्कम हार्ड केस आणि वाट पाहण्याची तयारी आली. पैशांची घाई होऊ शकते असं वाटत असेल, तर एवढी रक्कम यात अडकवू नका. डाव्या हाताच्या गिटारलाही हेच लागू.

४. दुर्मिळ म्हणजे मौल्यवान, हे गृहीत धरू नका. गिब्सन कंपनीच्या ‘फ्लाइंग व्ही’ आणि ‘एक्सप्लोरर’ १९५८ मध्ये आल्या तेव्हा फारशा खपल्या नाहीत. आज त्या काळातल्या मूळ गिटारींना प्रचंड भाव आहे, पण तो यायला काही दशकं गेली, आणि तोही नामवंत वादकांनी तो आकार उचलून धरला म्हणून.

५. सुटे भाग मिळतात का? जुन्या स्टाइनबर्गर या हेडलेस गिटारला दोन्ही टोकांना बॉल असलेल्या खास तारा लागतात. मिरजेत सतार-तंबोऱ्याचे पिढीजात कारागीर आहेत, पण लॉकिंग ट्रेमोलो (तारा घट्ट धरणारी, दांडीने सूर हलवायची यंत्रणा) किंवा अ‍ॅक्टिव्ह पिकअप (तारांचा आवाज पकडणारा, बॅटरीवर चालणारा भाग) हे वेगळंच काम. दुरुस्त होणार नाही ती गिटार विकणंही अवघड.

६. शक्यतो वापरलेली घ्या. नव्या गिटारची पहिली मोठी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. ट्रस रॉड (मानेचा बाक नीट करणारी आतली सळई) फिरतो का, फ्रेट्स किती झिजल्या आहेत, सीरियल नंबर शाबूत आहे का, हे तपासा. हेडस्टॉक (खुंट्या असलेलं टोक) तुटून जोडलेला असेल तर भाव बराच पाडून मागा. फ्रेटबोर्ड (फ्रेट्स बसवलेली लाकडी पट्टी) ब्राझिलियन रोझवूडचा असेल तर परदेशात विकायला परवाने लागतात.

७. घेतल्यावर पावती, केस, चाव्या, ट्रेमोलोची दांडी जपा. पिकअप बदललात तरी मूळ जोडी फेकू नका. विकताना ती परत बसवता येते. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, नाहीतर तारा आणि ब्रिजचे (तारा टेकतात त्या भागाचे) स्क्रू गंजतात.