सेल्फ फिरतो पण ट्रक चालू होत नाही? आधी धूर बघा

परशुराम घाटात ट्रक बंद पडला आणि सेल्फ मारूनही चालू होईना, तर टोचन बोलावण्याआधी कुणाला तरी सेल्फ मारायला लावून सायलेन्सर बघा. पांढरा धूर आला तर डिझेल पोहोचतंय, पण जळत नाही. ते काम मेकॅनिकचं. धूरच नसेल तर बहुतेक डिझेल पोहोचत नाही. जुन्या, यांत्रिक डिझेल पंपाच्या गाडीत मग हे करा:

१. फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं डिझेल पारदर्शक बाटलीत घ्या. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसतं. कोकणातल्या पावसाळ्यात मी पहिला संशय यावरच घेतो. टाकीच्या झाकणाचं रबरही तपासा.

२. ड्रेन बंद करा. लाइनमध्ये अडकलेली हवा काढायला फिल्टरच्या डोक्यावरचा एअर स्क्रू सैल करून डिझेल लाइनवरचा छोटा हँडपंप मारत राहा. आधी फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार लागली की पंप मारतानाच स्क्रू आवळा.

३. सेल्फ एका वेळी १०-१५ सेकंदच मारा, मध्ये थांबा. नाहीतर बॅटरीही जाईल.

कॉमन रेल इंजिनात (नव्या गाड्यांतलं, सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणारं) इंजेक्टरचे पाइप मात्र अजिबात सैल करू नका. तिथला दाब १,००० बारच्या वर जातो, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.