कॉन्स्टंटाइनची कमान कशी वाचावी

रोममध्ये कोलोसियमशेजारी उभी असलेली रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची विजयकमान नीट समजून घ्यायची असेल, तर पाहण्याचा क्रम आधी ठरवावा आणि शक्य झाल्यास दुर्बीण जवळ ठेवावी, कारण सुमारे २१ मीटर उंचीच्या या वास्तूवरचे बरेच काही अगदी माथ्याजवळ आहे.

सुरुवात माथ्यावरच्या लेखापासून करावी. त्याची ब्राँझची अक्षरे केव्हाच गेली, खोबणी तेवढ्या राहिल्या. ही कमान सिनेट आणि रोमच्या जनतेने अर्पण केली, असे लेख सांगतो. पराभूत शत्रूला मात्र तो नुसते ‘जुलमी’ म्हणतो, नाव घेत नाही. तो शत्रू म्हणजे इ.स. ३१२ मध्ये मिल्व्हियन पुलाजवळ हरलेला मॅक्सेन्शियस. तो रोमचाच सत्ताधीश असल्यामुळे परकीयांवरचा विजय मिरवण्याची सोय नव्हती, म्हणूनच मधल्या कमानीच्या आत कॉन्स्टंटाइनला ‘नगरीचा मुक्तिदाता’ म्हटले आहे. हा विजय ‘दैवी प्रेरणेने’ मिळाला असेही लेखात आहे, पण कोणत्या देवाच्या, ते गुलदस्त्यात! ख्रिस्ती आणि जुन्या देवांचा उपासक, दोघांनाही चालावी अशी ही शब्दयोजना मला साऱ्या कमानीतली सर्वांत धूर्त गोष्ट वाटते.

मग उसनी, म्हणजे आधीच्या सम्राटांच्या काळातली, शिल्पे ओळखावीत. स्तंभांच्या वर उभे असलेले डेशियन (आजच्या रोमानियाच्या भागातले) बंदिवान ट्रेजनच्या काळातले, शिकार आणि यज्ञांची वर्तुळाकार शिल्पे हेड्रियनच्या काळातली, तर माथ्यावरच्या लेखाच्या दोन्ही बाजूंचे आयताकृती पट्ट मार्कस ऑरेलियसच्या काळातले आहेत. वर्तुळांतला हेड्रियनचा चेहरा पुन्हा कोरून नव्या राज्यकर्त्यांचा केला गेला. माथ्यावरच्या पट्टांत मात्र चेहऱ्यावरून ओळख पटवू नये, कारण तिथली सम्राटाची मस्तके अठराव्या शतकातल्या डागडुजीत बसवलेली आहेत.

कमान ३१५ मध्ये अर्पण झाली, तेव्हा घाईपोटी जुना माल वापरला असेल, ही शंका रास्त आहे. तिची पडताळणी उत्तर बाजूला, डावीकडच्या लहान कमानीवरच्या अरुंद पट्टात करावी, कारण हा पट्ट कॉन्स्टंटाइनच्याच काळात कोरलेला आहे. त्यात तो फोरममधल्या, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातल्या, व्यासपीठावरून भाषण करतो आहे. गर्दी त्याच्याकडे वळलेली, तो मात्र थेट आपल्यासमोर, आणि आज त्याला मस्तक नाही. व्यासपीठाच्या दोन टोकांना दोन बैठे पुतळे दिसतील: हेड्रियन आणि मार्कस ऑरेलियस. ज्यांच्या काळातली शिल्पे उसनी घेतली, त्यांतलेच हे दोघे; तेव्हा ती निवड केवळ घाईची नसावी.