कार्ड रिकामं करायची घाई: घरच्या संगणकावर फोटो सांभाळताना या चुका टाळा

‘फोटो गेले’ अशी बोंब उठते तेव्हा कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड बिघडलेलं निघेलच असं नाही. बऱ्याचदा कोणीतरी एकाच बैठकीत फोटो संगणकावर घेतलेले असतात आणि त्याच बैठकीत कार्ड फॉरमॅटही, म्हणजे पूर्ण रिकामं, केलेलं असतं. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांच्यामध्ये निदान एक रात्र जाऊ द्यावी. कार्ड भरलं असेल तर दुसरं विकत घ्या. त्याची किंमत एका मुंजीच्या जेवणावळीतल्या दोन-चार पानांहून जास्त नसते.

कट-पेस्ट

करू नका. एका ड्राइव्हवरून दुसऱ्यावर ‘कट’ केलेली फाइल आधी कॉपी होते आणि मग मूळ जागेवरून पुसली जाते. मध्येच केबल हलली की कुठली फाइल कुठे राहिली ते शोधत बसा. फोनच्या बाबतीत तर दुप्पट सांभाळा. केबलने जोडलेला फोन विंडोजला नेहमीच्या ड्राइव्हसारखा दिसत नाही आणि त्यावरून पुसलेलं रीसायकल बिनमध्ये येत नाही. पेन ड्राइव्हवरून पुसलेलंही येत नाही.

‘सेम नेम’ विचारलं की न वाचता बटण दाबणं

सगळ्यात जास्त फोटो इथे जातात, आणि ते गेल्याचं कित्येक महिने कोणाच्या लक्षातही येत नाही.

नेहमीचा प्रसंग घ्या. घरी मुंज आहे. एक कॅमेरा घरचा आणि दुसरा आतेभावाकडून मागून आणलेला, दोन्ही एकाच कंपनीचे. संध्याकाळी पाहुणे जायच्या आत घरातला ‘कॉम्प्युटरवाला’ भाचा बसतो. पहिलं कार्ड ‘मुंज’ नावाच्या फोल्डरमध्ये ओततो. मग दुसरं कार्ड त्याच फोल्डरमध्ये. विंडोज सांगतं की या नावाच्या फाइल इथे आधीच आहेत. भाच्याला वाटतं, हे आधीच आलेत. तो ‘स्किप’ दाबतो. एरर काही येत नाही, सगळं सुरळीत दिसतं, म्हणून दोन्ही कार्डं फॉरमॅट करून आतेभावाचा कॅमेरा परत जातो. पुढे अल्बम करायला घेतल्यावर कळतं, की मातृभोजन आहे, मंगलाष्टकं आहेत, पण भिक्षावळीचा एकही फोटो नाही. ती दुसऱ्या कॅमेऱ्यात होती. तोवर आतेभाऊ त्याच कार्डावर महाबळेश्वर टिपून आलेला असतो.

भाच्याने ‘रिप्लेस’ दाबलं असतं तर भिक्षावळ राहिली असती आणि मातृभोजन गेलं असतं. ‘रिप्लेस’मध्ये दबून गेलेली फाइलही रीसायकल बिनमध्ये जात नाही.

हे का होतं? कॅमेऱ्यांच्या फाइल-नावांचं एक ठरलेलं मानक आहे. कार्डावरच्या डीसीआयएम या मुख्य फोल्डरमध्ये १०० ते ९९९ क्रमांकांचे फोल्डर, आणि प्रत्येक फाइलच्या नावात चार अक्षरं व चार आकडे. आकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत, की पुन्हा ०००१. म्हणजे एकच कॅमेरा काही वर्षं वापरला तरी ‘आयएमजी_०४१२’ नावाचे दोन-तीन वेगवेगळे फोटो घरात असणारच. त्यातून कॅमेऱ्यात ‘ऑटो रीसेट’ चालू असेल तर नव्या कार्डागणिक मोजणी पहिल्यापासून सुरू होते.

उपाय साधे आहेत. कॅननमध्ये ‘फाइल नंबरिंग’ला ‘कंटिन्युअस’ आणि निकॉनमध्ये ‘फाइल नंबर सिक्वेन्स’ला ‘ऑन’ ठेवा. संगणकावर प्रत्येक कार्डाला स्वतंत्र फोल्डर द्या: आधी वर्षाचा, त्यात ‘२०२४-०५-१४ मुंज’ आणि त्याच्या पोटात ‘कार्ड-१’, ‘कार्ड-२’. वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने लिहायचं, म्हणजे फोल्डर आपोआप तारखेप्रमाणे लागतात. एवढं करूनही तो प्रश्न आलाच, तर ‘लेट मी डिसाइड फॉर ईच फाइल’ घ्या आणि दोन्ही बाजूंना खूण करा. दोन्ही फाइल राहतात, एकीच्या नावापुढे आकडा लागतो. शंभर जादा फोटो नंतर निवांत पुसता येतात.

कॉपी झाली असं मानून चालणं

हिरवी पट्टी शेवटाला पोचली म्हणजे कॉपी तपासून झाली असं नव्हे. कार्डावरच्या डीसीआयएम फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा, संगणकावरच्या फोल्डरचंही उघडा. फाइलींची संख्या आणि ‘साइझ’समोरचे बाइट्स शेवटच्या आकड्यापर्यंत जुळले पाहिजेत. ‘साइझ ऑन डिस्क’ बघू नका, तो दोन ड्राइव्हवर वेगळा येणारच. बाइट-बाइट पडताळणी हवी असेल तर टेराकॉपी या कॉपी करायच्या प्रोग्राममध्ये ‘व्हेरिफाय’ चालू करून कॉपी करा. वेळ जास्त लागतो, लागू द्या.

थंबनेल (फोल्डरात दिसणारं छोटं चित्र) छान दिसतं म्हणून फोटो शाबूत आहे असंही धरू नका. कॅमेऱ्याच्या जेपेग फोटो-फाइलमध्ये १६० बाय १२० ठिपक्यांचा चिमुकला नमुना बहुधा वेगळा साठवलेला असतो. तो ठणठणीत आणि उघडल्यावर फोटोचा खालचा अर्धा भाग राखाडी, असं होतं. तेव्हा मूळ कार्ड हाताशी असेल तर वेगळ्या कार्ड रीडरने पुन्हा कॉपी करा. आता नीट आला तर दोष रीडरचा किंवा केबलचा. पुन्हा तिथेच राखाडी झाला तर फाइल कार्डावरच खराब आहे आणि कार्डाला रजा द्यायची वेळ आली. फारच स्वस्तात मिळालेलं मोठं कार्ड असेल तर ते नकली क्षमतेचं असू शकतं. रिकाम्या कार्डावर एचटूटेस्टडब्ल्यू हा फुकट प्रोग्राम चालवा. तो कार्ड काठोकाठ भरून परत वाचतो आणि खोटेपणा उघडा पाडतो. ही चाचणी लग्नाच्या आधी करायची असते, नंतर नव्हे.

फोटो पुसले गेल्यावरची धावपळ

चुकून फॉरमॅट झालेल्या कार्डावरचे फोटो बऱ्याचदा परत मिळतात, कारण साध्या फॉरमॅटमध्ये यादी पुसली जाते, मजकूर जागेवर असतो. तो नष्ट होतो तो पुढच्या पाच मिनिटांत, ‘बघू चालतंय का’ म्हणून काढलेल्या फोटोंनी.

म्हणून कार्ड लगेच बाहेर काढा आणि कडेची कुलपाची पट्टी खाली सरकवा. संगणकाला लावल्यावर विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणालं तर ‘कॅन्सल’. ड्राइव्ह दुरुस्त करू का विचारलं तरी नको. ती दुरुस्ती फोटोंसाठी नसते, फाइल व्यवस्थेसाठी असते. तुकडे ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात ‘सीएचके’ फाइली करून टाकते आणि पुढचं काम अवघड करते. फोटोरेक किंवा रेकुव्हा हे पुसलेल्या फाइली शोधणारे प्रोग्राम वापरा आणि सापडलेलं संगणकाच्या ड्राइव्हवर साठवा, त्याच कार्डावर कधीही नाही. फोटोरेकमध्ये मूळ नावं जातात, मात्र फोटोच्या आत लिहिलेली तारीख राहते, तेव्हा नावं नंतर तारखेवरून देता येतात. लांबलचक व्हिडिओ मात्र अर्धेमुर्धे निघतात, कारण ते कार्डावर तुकड्यातुकड्यांत पसरलेले असू शकतात.

एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या ड्राइव्हवरून पुसलेल्या फोटोंची आशा फार धरू नका, ती ड्राइव्ह मोकळी जागा स्वतःच साफ करते. आजच्या फोनमधली साठवण कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असते, त्यामुळे ‘डिलीट झालेले फोटो परत मिळवा’ छापाच्या ॲपमध्ये पैसे घालवण्याआधी गॅलरीचा आणि गूगल फोटोजचा कचरा बघा. गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो कचऱ्यात ६० दिवस राहतो, न झालेला ३०.

‘क्लाउडवर आहे ना’

सिंक (इकडचा बदल तिकडेही आपोआप होणं) म्हणजे बॅकअप नव्हे. गूगल फोटोजच्या ॲपमधून फोटो पुसला की तो सगळीकडून जातो. फोनमधली जागाच मोकळी करायची असेल तर तिथलं ‘फ्री अप स्पेस’ वापरा, त्याने क्लाउडवरची प्रत राहते. १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद साठवणही बंद झाली. आता फुकट मिळणाऱ्या १५ जीबी साठवणीत जीमेल आणि ड्राइव्हही आले. ती भरली की नवे फोटो चढत नाहीत आणि सूचना मात्र आपण बोटाने बाजूला सारतो. एक बाहेरची हार्ड डिस्क ठेवा आणि काम झालं की ती काढून ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कवर व्हायरसही पोचतो आणि विजेचा झटकाही. दुसरी डिस्क दुसऱ्या घरात, गावी किंवा बहिणीकडे.

बाकीच्या, थोडक्यात

एक्सप्लोररमध्ये ‘डेट मॉडिफाइड’वरून फोटो लावू नका, ‘डेट टेकन’ घ्या. दोन कॅमेऱ्यांची घड्याळं जुळत नसतील तर कार्यक्रमाच्या सुरुवातीला दोन्हींनी एकाच भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो काढा. मग डिजिकॅमसारख्या प्रोग्राममध्ये एका कॅमेऱ्याचे सगळे फोटो तेवढ्या मिनिटांनी सरकवा.

व्हॉट्सॲपवर आलेला फोटो ही मूळ प्रत नसते. तो लहान केलेला असतो, आतली तारीख काढून टाकलेली असते आणि नावातली तारीख फोटो काढल्याची नसते. मूळ हवा असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. डुप्लिकेट शोधणाऱ्या प्रोग्रामला ‘सारखे दिसणारे’ आपोआप पुसू देऊ नका. तो मूळ टाकून ही बारकी प्रत ठेवू शकतो.

आयफोनचे एचईआयसी (ॲपलच्या फोनचा फाइल-प्रकार) फोटो नावापुढचं शेपूट बदलून जेपेग होत नाहीत. केबलने कॉपी मध्येच अडकत असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये, फोटोजच्या तळाशी, ‘कीप ओरिजिनल्स’ निवडा.

फोल्डरचं नाव लांबलचक मराठीत ठेवलंत तर चालतं, पण विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याला २६० अक्षरांची मर्यादा अजून आडवी येते आणि तिथे काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘मुंज’ची चार अक्षरं होतात.

आणि जुन्या संगणकावर पिकासा हा गूगलचा फोटो-प्रोग्राम असेल तर सावध. ते २०१६ मध्ये बंद झालं, पण त्यात केलेले बदल फोल्डरातल्या एका लपलेल्या फाइलीत आणि बदल ‘सेव्ह’ केलेल्या फोटोंच्या मूळ प्रती एका लपलेल्या फोल्डरात असतात. आत जाऊन ‘सिलेक्ट ऑल’ केलंत तर त्या मागेच राहतात. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ला खूण करा, नाहीतर बाहेरूनच अख्खा फोल्डर उचला.